आधी पोच, मग निरोप

दादाला सगळे जनक म्हणायचे. सभेत म्हणायचे, मुलाखतीत म्हणायचे, त्याच्या फोटोखाली तसं छापूनही यायचं. धाकटी ते वाचायची आणि तोंड वाकडं करायची. जनक म्हणे! पोर जन्माला घातलं, नाव ठेवलं, चार लोकांत मिरवून आणलं, आणि त्यानंतर या जनकानं त्या पोराचं ना कधी नाक पुसलं ना ढुंगण धुतलं. ते सगळं आत्याच्या वाट्याला. आत्या म्हणजे ही धाकटी, दादाची सख्खी बहीण.

पोर म्हणजे हाडामांसाचं नव्हे. 'सांगावा' नावाची लायब्ररी. पुस्तकांची नव्हे हो, तयार कोडचं गाठोडं, त्याला संगणकवाले लायब्ररी म्हणतात. दवाखान्याच्या संगणकाला औषधवाल्याच्या संगणकाला काही कळवायचं असलं, की मधे निरोप नेणारं आणि 'मिळाला' अशी पोच परत आणणारं कोणीतरी लागतं. प्रत्येकानं ते नव्यानं लिहीत बसायला नको, म्हणून दादानं तरुणपणी एकदाच लिहिलं आणि सगळ्या जगाला खुलं करून टाकलं. घ्या, वापरा, हवं तर बदला. लोकांनी घेतलं, कारण सांगावा विलक्षण वेगवान होता. त्याच्या आसपासही दुसरी कुठली लायब्ररी फिरकत नसे. दादाचं नाव झालं, नोकरी झाली, मोठ्या शहरात मोठं घर झालं. मग त्यानं कोड लिहिणं सोडलं आणि कोडबद्दल बोलणं धरलं. बोलायला त्याला लहानपणापासूनच आवडायचं.

धाकटी राहायची आईबरोबर, दोन खोल्यांच्या घरात. खिडकीशी तिचं टेबल, टेबलाच्या एका बाजूला कपडे धुण्याचं मशीन, दुसऱ्या बाजूला आईची खाट. टेबलाचा एक पाय आखूड, त्याखाली पुठ्ठ्याची घडी. सकाळी आई उठायच्या आत ती तिथं बसायची आणि सांगाव्यात काल काय फुटलं ते बघायची. नंतर डबा भरून नोकरीवर. नोकरी एका पार्सल कंपनीच्या संगणक विभागात. तिथंही काम तेच, दुसऱ्यांनी घातलेला घोळ निस्तरायचा. म्हणून तिथं तिला 'निस्तरताई' म्हणत. तोंडावर म्हणत, आणि तिला त्याचं काही वाटतही नसे. तिला वाटायचं ते साहेबांबद्दल. एकदा साहेब कौतुकानं म्हणाले होते, की आपण ते सांगावा का काय फुकटात वापरतो, ते सांभाळतं तरी कोण? ती म्हणाली, एक बाई सांभाळते. साहेब म्हणाले, बरं आहे, असे लोक असतात म्हणून चालतं. कोण बाई, कुठली, हे विचारायचं त्यांना सुचलं नाही. एवढ्या अकलेवर माणसाला साहेब करतात, यात नवल काही नाही. अक्कल लागली असती तर खुर्ची रिकामीच राहिली असती.

आणि वापरणारे! फुकट ते पौष्टिक, हे एक ब्रीद असलेली जमात. तक्रारी करायला एक खिडकी खुली ठेवलेली असते, तिथं येऊन हे लोक असे बोलायचे की जणू धाकटी त्यांच्या घरी भांडी घासायला लावलेली आहे. एकानं लिहिलं होतं, ताबडतोब दुरुस्त करा, आमचा मॅनेजर ओरडतोय. दुसऱ्यानं लिहिलं होतं, तुमच्यामुळे माझा रविवार गेला. हिचे किती रविवार गेले ते कोण मोजणार? धर्माची गाय, आणि दात का नाय! ती प्रत्येकाला तोडून उत्तर द्यायची. "आधी सूचना वाचा." "पुन्हा वाचा." "चष्मा लावून वाचा." तिची जीभ तिखट होती हे खरं, पण उत्तराखाली दुरुस्तीही असायची. लोक दुरुस्ती उचलायचे आणि जिभेबद्दल जनकाकडे चुगली करायचे. जनक तिला फोन करून सांगायचा, अगं, जरा गोड बोलत जा, माझं नाव आहे त्यावर.

नावाचंच घ्या. सांगाव्याची नवी आवृत्ती निघाली की बरोबर एक पान निघायचं, 'सुधारणा आणि दुरुस्त्या'. वर सुधारणा, खाली दुरुस्त्या. सुधारणा म्हणजे दादानं फोनवर जाता जाता टाकलेलं एखादं वाक्य, की हे असंही व्हायला हवं बरं का. ते हिनं महिनाभर खपून खरं करायचं आणि वर त्याचं नाव घालायचं. दुरुस्त्यांना नावं नसत. फुटलेलं सांधलं, त्यात नाव कसलं लावायचं, असा दादाचा सिद्धांत. आयत्या बिळावर नागोबा हा शब्दप्रयोग कोणा शहाण्यानं काढला असेल तो असाच भाऊ पाहून काढला असेल.

आता एक नियम सांगायला हवा, कारण पुढचं सगळं त्यावर आहे. सांगाव्यात कोणालाही एकट्यानं बदल करता येत नसे. एकानं बदल लिहायचा, दुसऱ्यानं तो ओळ न् ओळ वाचायचा आणि 'ठीक' म्हणायचं. त्याशिवाय यंत्रच तो आत घेत नसे. हा नियम दादानं स्वतः केला होता, सुरुवातीच्या दिवसांत, मोठं भाषण देऊन. चार डोळ्यांनी पाहिलेलंच खरं, वगैरे. तेव्हा पाच-सहा जण होते. ते एकेक करून वैतागून गेले आणि दादानं त्यांच्या जागी कोणाला घेतलं नाही, कारण 'ठीक' म्हणण्याच्या चाव्या वाटल्या की नाव वाटलं जातं. उरले दोघं, दादा आणि धाकटी. तिनं लिहायचं, त्यानं 'ठीक' म्हणायचं. आणि तो म्हणायचा. तिनं पाठवल्यावर चहाचा कप उचलून तोंडाला लावेपर्यंत 'ठीक' आलेलं असे, मग बदल चार ओळींचा असो की चारशे ओळींचा. वाचणं हा प्रकारच त्याच्या स्वभावात बसत नव्हता.

स्वभाव जुना. लहानपणी आई न्हाणीघरातून ओरडायची, दूध ठेवलंय रे, बघ. दादा पलंगावर पडल्या पडल्या म्हणायचा, हो. ते 'हो' एवढं तत्पर यायचं की आईचं वाक्य पुरतं होईपर्यंतही थांबत नसे. मग दूध उतू जायचं, भांडं करपायचं, घरभर वास सुटायचा. आई बाहेर येऊन धाकटीला म्हणायची, तू तरी बघायचंस ना गं. दादाला कोणी काही म्हणत नसे, तो 'हो' म्हणालेला असायचा ना! हळूहळू धाकटीला सवयच लागली. दादाचं 'हो' कानावर पडलं की उठायचं आणि जाऊन गॅस बंद करायचा. तिची सगळी हयात त्या एका 'हो'च्या मागे धावण्यात गेली असं म्हटलं तर फार खोटं होणार नाही.

तर एका सकाळी तक्रारीच्या खिडकीत एक निरोप आला. पाठवणारा एका डायलिसिस केंद्रातला तंत्रज्ञ होता. किडन्या निकामी झालेल्यांचं रक्त तिथं मशीनवर धुतात, ठरल्या दिवशी, ठरल्या वेळी. वेळ बदलली की मुख्य दवाखान्याचा संगणक केंद्राच्या संगणकाला कळवतो, आणि केंद्र पेशंटला. तंत्रज्ञाचं म्हणणं असं, की दवाखान्याकडे 'निरोप मिळाला' अशी पोच गेलेली असते, पण केंद्राकडे निरोपच नसतो.

धाकटीनं नेहमीचं उत्तर दिलं. तुमच्याकडचं तपासा. वायरी तपासा. वाचता येत असेल तर सूचना वाचा. आणि तक्रार बंद करून टाकली.

तंत्रज्ञ चिवट निघाला. चिडला नाही, ओरडला नाही, मॅनेजरचं नाव घेतलं नाही. त्यानं काय केलं, तर एक जुना संगणक घेतला, त्याला निरोप पाठवला आणि निरोप पोचतो न पोचतो तोच संगणकाची विजेची वायर उपटली. पुन्हा चालू करून बघितलं. पोच गेलेली, निरोप गायब. हे त्यानं पुन्हा पुन्हा केलं आणि सगळं जसंच्या तसं लिहून पाठवलं. शेवटी लिहिलं, "मॅडम, वायरी तपासल्या. त्या मीच उपटत होतो."

धाकटीचे कान गरम झाले. लाज वाटली, आणि लाज वाटल्याचा रागही आला. कारण हे तिला नवीन नव्हतं.

निरोप आला की आधी तो डिस्कवर, म्हणजे वीज गेली तरी राहील असा, उतरवायचा, नीट उतरला याची खात्री करायची आणि मग पाठवणाऱ्याला पोच द्यायची, ही साधी सरळ रीत. दादाचा सांगावा उफराटा. निरोप दारात दिसला रे दिसला की 'मिळाला' म्हणून पोच रवाना, आणि उतरवणं मागाहून, सवडीनं. त्या मधल्या क्षणात वीज गेली, मशीन अडलं, की हातातला निरोप गेला. पाठवणारा मात्र निर्धास्त. त्याला पोच मिळालेली, तो कशाला पुन्हा पाठवतोय? आणि याच गोष्टीला जग वेग म्हणत होतं. अरे, न ऐकता 'हो' म्हणायला वेळ तो किती लागणार! पलंगावर पडून 'हो' म्हणणाऱ्यानं जे लिहिलं ते असंच निघायचं होतं.

हे तिनं फार पूर्वीच पाहिलं होतं आणि दादाला सांगितलंही होतं. तो हसला होता. मशीनं कधी मधेच बंद पडतात का गं? वेग बघ, वेग. मग तिनं नेहमीसारखं मागे धावायला घेतलं. मशीन बंद होताना जरा थांबावं अशी एक दुरुस्ती केली. अर्धवट निरोप हुडकून काढायची दुसरी केली. त्या हुडकण्यात निरोप दुहेरी व्हायला लागले, म्हणून दुहेरी काढून टाकायची तिसरी केली. प्रत्येक पानावर खालच्या बाजूला या दुरुस्त्यांची रांग, आणि रोग तिथल्या तिथं. घरात याला एक नाव होतं. आई म्हणायची, झाकली मूठ सव्वा लाखाची. आपल्या माणसाचं आपण झाकायचं असतं. धाकटीनं इमानेइतबारे झाकलं होतं, आणि आता त्या झाकण्याची तिला किळस आली.

तिनं तंत्रज्ञाला विचारलं, असं किती वेळा झालं. त्यानं आकडा दिला नाही. एक माणूस सांगितला. एक म्हातारा शिंपी, एकटाच राहणारा. त्याची दुपारची वेळ सकाळवर आणली होती, निरोप मधेच गेला. तो दुपारी आला तेव्हा खुर्चीवर दुसरा पेशंट, त्याचा निरोप मात्र पोचलेला. त्याला परत पाठवलं. घरी जाईपर्यंत छातीत पाणी भरलं, शेजाऱ्यांनी उचलून दवाखान्यात नेलं. वाचला. "आता मी सगळ्या पेशंटना स्वतः फोन करतो," तंत्रज्ञानं लिहिलं होतं. "एखादा राहून जाईल. आणि मला त्यांना रोज तोंड दाखवायचं असतं, मॅडम, तुम्हाला नाही."

असं धाकटीला आजवर कोणी बोललं नव्हतं. तिनं चष्मा चावून उत्तर लिहायला घेतलं आणि खोडून टाकलं.

खरी दुरुस्ती करायला बसली तर ती हास्यास्पद लहान निघाली. पोच देणारी ओळ वर होती, ती उतरवणाऱ्या ओळीच्या खाली आणायची. बस. एवढ्यासाठी इतकी वर्षं आरडाओरडा. त्यानंतर तिनं स्वतःची सगळी ठिगळं काढून टाकली, कारण आता त्यांची गरज नव्हती. ते काढताना तिला वाईट वाटेल असं वाटलं होतं. उलट ती गुणगुणत होती, आईनं विचारलंही, आज काय झालंय तुला. मग तिनं वेग मोजला. सांगावा पार मागे पडला. इतर लायब्रऱ्या चालतात तसा चालायला लागला, म्हणजे एखाद्या शुद्धीवर असलेल्या माणसासारखा.

फसवाफसवी करायची तिची इच्छा नव्हती. तिनं दादाला फोन केला. तो एका मोठ्या अधिवेशनाला निघाला होता. तिथं सांगाव्याच्या निमित्तानं त्याचा सत्कार होता, आणि सत्कारानंतर तो सर्वांसमक्ष सांगाव्याची इतर लायब्रऱ्यांशी शर्यत लावणार होता. हा त्याचा नेहमीचा खेळ. मागच्या बाजूला सुटकेसची चाकं घरंगळत होती आणि वहिनी त्याला काहीतरी विचारत होती. धाकटीनं स्पष्ट शब्दांत सांगितलं, की पोच आता लिहून झाल्यावर जाईल, त्यामुळे वेग जाईल, आणि नवी आवृत्ती मी लगेच काढणार आहे. शिंप्याचंही सांगितलं.

"हो हो, कर गं," दादा म्हणाला.

"मी काय म्हणाले ते ऐकलंस का?"

"ऐकलं ना. ठीक आहे. तू बघशीलच." आणि फोन बंद.

तिनं बदल लिहून पाठवला. वर ठळक अक्षरांत तेच पुन्हा घातलं, पोच मागाहून, वेग कमी, कारण हे. खाली शिंप्याची हकीकत, नाव न घेता. मग कप उचलला. चहा ओठांना लागला नसेल, तोवर दादाचं 'ठीक' आलं.

ती पडद्याकडे बघत राहिली. त्यानं वाचलेलं नाही हे तिला सूर्यप्रकाशाइतकं स्वच्छ ठाऊक होतं. पुन्हा फोन करावा का? तो पुन्हा 'हो' म्हणेल. तिसऱ्यांदा केला तरी म्हणेल. मेला आयुष्यभर 'हो' म्हणत आलाय आणि भांडी हिनं घासलीत. एकदा त्याच्या 'हो'ला खरंच 'हो' धरलं तर काय बिघडलं? तिनं नवी आवृत्ती जगासमोर ठेवली. पानावर वरची सुधारणांची जागा या खेपेला रिकामी सोडली. खाली एकच दुरुस्ती लिहिली: "पोच आता निरोप उतरल्यावरच जाते. याआधी ती आधी जात होती. हा दोष पहिल्या दिवसापासूनचा आहे आणि आम्हाला माहीत होता."

सत्काराच्या दिवशी सुट्टी होती. आईला लेकाचा सत्कार बघायचा म्हणून तिनं ठेवणीतला चष्मा काढला आणि धाकटीच्या टेबलासमोर खुर्ची ओढून बसली. पडद्यावर दादा छान दिसत होता. फुलं झाली, मानचिन्ह झालं, जनक-जनक झालं. आईनं डोळे पुसले. मग शर्यत. एकेका लायब्ररीची ताजी आवृत्ती आणि तिची एकेक पट्टी, जिची पट्टी आधी भरेल ती जिंकली. दादा बाह्या सरसावत म्हणाला, आता डोळे मिटू नका, नाहीतर हुकेल.

डोळे मिटले असते तरी काही हुकलं नसतं. सांगाव्याची पट्टी सावकाश सरकत राहिली. बाकीच्या दोन भरून गेल्या. दादा हसला, म्हणाला, इथलं नेट. पुन्हा लावली. पुन्हा तेच. सभागृहात खुसखुस सुरू झाली. मागच्या रांगेतला एक जण उठला, त्याच्या हातात फोन होता. त्यानं नव्या आवृत्तीचं ते पान मोठ्यानं वाचून दाखवलं, पहिल्या दिवसापासूनचा दोष आणि आम्हाला माहीत होता, इथपर्यंत. मग त्यानं नम्रपणे विचारलं, की यावर तुमचंच 'ठीक' आहे, तर आजवरच्या शर्यती आम्ही कशा समजायच्या?

"हो," जनक म्हणाला. "हो हो. अर्थात."

आईला काही कळलं नाही. तो घामाघूम का झालाय एवढंच तिनं विचारलं. धाकटीला हसू येईल असं वाटलं होतं, पण आलं नाही. पडद्यावर आपल्याच नाकाचा, आपल्याच कपाळाचा माणूस उभा होता आणि त्याला हात कुठं ठेवावेत ते कळत नव्हतं. कीव मात्र तिला आली नाही, तेवढी ती भली नव्हती.

थोड्या वेळानं तंत्रज्ञाचा निरोप आला. त्यानं नवी आवृत्ती घातली होती आणि पुन्हा वायरी उपटून पाहिल्या होत्या. पोच गेली नाही, म्हणून दवाखान्याच्या संगणकानं निरोप पुन्हा पाठवला, आणि तो पोचला. "आजपासून पेशंटना फोन करणं बंद केलं," त्यानं लिहिलं होतं. "तुमच्या भरवशावर." धाकटीनं ते दोनदा वाचलं. भरवसा हा शब्द तिच्या खिडकीत आजवर आला नव्हता.

मागोमाग दादाचा फोन. आईनं उचलला आणि सवयीनं स्पीकरवर टाकला. आईला वाटलं पोरगा सत्काराचं सांगणार. पोरगा जे बोलला ते सगळं इथं लिहिण्यासारखं नाही. नाक कापलंस, पाठीत सुरा खुपसलास, पोटात ठेवलंस आणि ओठांवर आणलं नाहीस. धाकटी म्हणाली, ओठांवर आणलं होतं, फोनवर आणलं होतं, ठळक अक्षरांत आणलं होतं; तू दोनदा 'ठीक' म्हणालास. दादा म्हणाला, मी म्हणतो गं 'ठीक', मी कामात असतो, तुला कळायला नको? आई म्हणाली, खरंच गं, तुला माहीत आहे ना त्याचा स्वभाव.

मग तो मुद्द्यावर आला. सगळं पूर्ववत करायचा बदल त्यानं लिहून पाठवला होता, कित्येक वर्षांनी स्वतःच्या हातानं. सांगाव्याची नवी आवृत्ती मागे घ्यायची, उद्या निवेदन काढायचं की बहिणीच्या हातून चूक झाली. फक्त तिचं 'ठीक' हवं होतं. चाव्या दोनच. तिसऱ्या कोणाला त्यानंच येऊ दिलं नव्हतं.

"कर गं त्याचं एवढं," आई म्हणाली. तिचा आवाज बारीक झाला होता. "घरातली गोष्ट घरात राहू दे. झाकली मूठ…"

"आई, एक शिंपी आहे," धाकटी म्हणाली. "म्हातारा. त्याला कळवलं असं सगळ्यांना वाटत होतं आणि त्याला कळवलंच नव्हतं. मुठीत काही नाही, आई. कधीच नव्हतं."

 आईला शिंपी कळला की नाही, कोणास ठाऊक. ती खाटेवर जाऊन बसली आणि पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिली.

धाकटीनं दादाचा बदल उघडला. तिकडून दादाचा श्वास ऐकू येत होता. ती वाचायला लागली. पहिली ओळ, दुसरी ओळ, बोट पडद्यावर ठेवून.

"दाबलंस का?" दादानं विचारलं.

"वाचतेय."

"अगं, वाचायचं काय त्यात? मी लिहिलंय ना!"

"नियम तुझाच आहे. वाचून मग ठीक."

ती वाचत राहिली. त्यानं पोच देणारी ओळ पुन्हा वर नेली होती. बाकी काहीच केलं नव्हतं. तिची जुनी ठिगळं, थांबण्याची, हुडकण्याची, दुहेरी काढायची, कुठंच नव्हती. ती काढून टाकली आहेत हेच त्याला माहीत नव्हतं, कारण ती कधी घातली होती हेही त्याला माहीत नव्हतं. हा बदल आत गेला असता तर सांगावा पूर्वीपेक्षाही जास्त निरोप गिळायला लागला असता. आणि केंद्रातल्या तंत्रज्ञानं फोन करणं बंद केलेलं. तिला मनापासून संताप आला आणि तो आवाजात अजिबात उतरला नाही.

"झालं का?" दादा म्हणाला. "फक्त ठीक म्हण आणि मोकळी हो."

"वाचलं," धाकटी म्हणाली. "नाही."

तिकडून सभागृहातल्या खुर्च्या सरकवल्याचा आवाज आला. मग फोन बंद झाला. आई खाटेवरून उठली, धाकटीकडे न बघता स्वयंपाकघरात गेली. दूध तिनंच मघाशी चढवलं होतं आणि ते वर यायला लागलं होतं. धाकटीनं खुर्ची अर्धी मागे सारली होती, सवयीनं. पण ती उठली नाही. आत आईनं स्वतःच्या हातानं गॅस बंद केल्याचा आवाज आला.